पेठ आणि कौल

नगररचनाकारांच्या भाषेंत आणि सरकारी अहवालांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एका नव्या शब्दाची भर पडली आहे. तो शब्द म्हणजे ‘क्रिएटिव्ह डिस्ट्रिक्ट’. शहरांतील एखादा जुना, पडझडीला आलेला किंवा केवळ उपेक्षित असा भाग निवडावा; तेथें चित्रशाळा, नाट्यगृहें, उपाहारगृहें आणि लहानमोठीं दुकानें ह्यांची वस्ती करवावी; भिंती रंगवाव्या; वर्षांतून एक उत्सव भरवावा; म्हणजे कलावंतांना आश्रय मिळेल, पाहुण्यांची रीघ लागेल आणि शहराच्या तिजोरींतहि भर पडेल, असा ह्या कल्पनेचा थोडक्यांत आशय आहे. कल्पना मोहक आहे. लक्ष्मी आणि सरस्वती एका घरांत नांदत नाहींत, अशी आपल्याकडील जुनी समजूत. ती खोटी पाडण्याचें आश्वासन ही कल्पना देते. जें आश्वासन इतकें गोड असतें त्याची परीक्षा अधिकच शांत चित्तानें झाली पाहिजे, असें आम्हांस वाटतें. आणि तशी ती करण्याचा प्रयत्न येथें योजिला आहे.

ह्या परकी शब्दास मराठींत प्रतिशब्द शोधूं लागलें तर ‘पेठ’ हा आपला जुना शब्द आयताच हाताशीं येतो. म्हणून ह्या लेखांत आम्ही ‘कलापेठ’ असेंच म्हणणार आहों. मात्र शब्द घेतला कीं त्याच्याबरोबर त्याचा इतिहासहि घ्यावा लागतो. पेठ वसत असे ती कशी? मराठेशाहींत नवी पेठ वसवावयाची असली म्हणजे सरकारांतून ‘कौल’ दिला जाई. कौल म्हणजे अभयाचा लेखी करार. अमुक जागीं येऊन घर बांधा, दुकान मांडा. ठराविक वर्षें तुम्हांस जकात व पट्टी माफ. पेठेची व्यवस्था शेटे-महाजन पाहतील. अशा स्वरूपाचा तो मजकूर असे. व्यापारी आणि कारागीर त्या कागदावर विसंबून बिऱ्हाड हलवीत. पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळी हें त्या काळाचें अद्यापि टिकून राहिलेलें स्मारक आहे. पेशवाईंत तेथें स्थायिक झालेल्या तांबटांच्या वंशजांपैकीं थोडींच घराणीं आज धंद्यांत उरलीं असलीं, तरी आळींतून जातांना हातोडीचे ठोके अजून कानीं पडतात. तांब्या-पितळेचा उत्सव भरविला म्हणून कांहीं ती आळी वसली नाहीं. पायाखालच्या जागेची शाश्वति आणि शहराची मागणी ह्या दोहोंच्या बळावर ती वसली. आधीं कौल, मग वस्ती, मग बाजार आणि शेवटीं कीर्ति, असा तो क्रम होता.

आजच्या योजनांत हा क्रम नेमका उलटा झालेला दिसतो. आधीं कीर्तीचा डांगोरा, मग बाजार, मग वस्तीविषयीं कांहीं सदिच्छा; आणि कौल तर कोठेंच नाहीं. कलापेठेचा सारा प्रश्न हा मुळांत कौलाचा प्रश्न आहे, एवढेंच ह्या लेखाचें प्रतिपाद्य आहे.

ह्या कल्पनेचें आद्य पीठ अमेरिका. तेथील जेन जेकब्स ह्या विदुषींनीं मोठ्या शहरांच्या जीवनमरणाविषयीं १९६१ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत एक साधें पण मर्मग्राही निरीक्षण आहे. नव्या इमारतीचें भाडें तिच्या बांधकामाचा खर्च भरून निघेल इतकें असावेंच लागतें. तें एखाद्या बँकेस परवडतें. होतकरू चित्रकारास किंवा नुकत्याच निघालेल्या धंद्यास परवडत नाहीं. म्हणून नव्या कल्पनांना जुन्या इमारतींचाच आसरा लागतो. पुढें चार दशकांनीं, २००२ सालीं, रिचर्ड फ्लॉरिडा ह्या प्राध्यापकांनीं ‘सर्जनशील वर्गा’च्या उदयावर ग्रंथ लिहिला आणि त्याचा गाजावाजा जगभर झाला. शहराची भरभराट कल्पक माणसांना तें शहर किती आकर्षून घेतें ह्यावर अवलंबून असते. म्हणून नगरपालिकांनीं अशा माणसांस रुचेल असें वातावरण निर्माण करावें, हें त्यांच्या विवेचनाचें सार. कलावंताला शहराच्या जमाखर्चांत स्थान मिळवून देण्याचें श्रेय ह्या ग्रंथास दिलेंच पाहिजे. पण ह्या वर्गाच्या पंक्तीला ग्रंथकारांनीं बसविलें कोणास? चित्रकार आणि नट तर आहेतच. शिवाय अभियंते, वकील, वैद्य, व्यवस्थापक असे अमेरिकेंतील काम करणाऱ्या लोकांपैकीं सुमारें ३० टक्के लोक तींत आले. कसेंबसें भाडें भरणारा नट आणि गलेलठ्ठ वेतन घेणारा व्यवस्थापक एका पंक्तीस बसले म्हणजे पक्वान्न कोणाच्या पानांत पडणार, हें सांगावयास ज्योतिषी नको.

न्यूयॉर्कच्या सोहो भागांत हेंच घडलें. ओस पडत चाललेल्या कारखान्यांच्या माळ्यांवर १९६० च्या सुमारास चित्रकार येऊन राहिले. १९७१ सालीं नगररचनेचे नियम बदलून त्यांच्या तेथील राहण्यास मान्यता देण्यांत आली. आणि त्यांच्या वास्तव्यानें त्या भागास जी प्रतिष्ठा आली तिच्या ओढीनें श्रीमंत भाडेकरी आले व चित्रकारांचा पाय तेथून निघाला. आपल्याकडे ह्यास आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. शॅरन झुकिन ह्या समाजशास्त्रज्ञ विदुषींनीं १९८२ सालींच ह्या क्रमाची चिकित्सा ग्रंथरूपानें केली होती. म्हणजे फ्लॉरिडांच्या ग्रंथापूर्वीं वीस वर्षें रोगाचें निदान झालेलें होतें. स्वतः फ्लॉरिडांनींहि २०१७ च्या आपल्या ग्रंथांत शहरांतील वाढती विषमता आणि न परवडणारीं घरें हा विषय मोकळेपणानें हातीं घेतला, ही गोष्ट त्यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष आहे. ग्रंथकारांनीं आपल्या मताला मुरड घातली; त्यांच्या पहिल्या मतावर बेतलेल्या योजना मात्र ठिकठिकाणीं पहिल्याच उमेदीनें आंखल्या जातात.

परंतु परमुलखांतील दाखल्यांवर रेंगाळण्याचें आपणांस कारण नाहीं. आपल्या मुंबईंत ह्या विषयाचीं सर्व प्रकरणें घडून गेलीं आहेत.

पहिलें प्रकरण वॉर्डन रोडवरील. भुलाभाई देसाई ह्या नामांकित कायदेपंडितांच्या स्मरणार्थ त्यांच्या सूनबाई मधुरीबेन देसाई ह्यांनीं तेथें समुद्राच्या कांठीं एक संस्था चालविली. १९५० नंतरच्या दशकांत आणि पुढेंहि कांहीं काळ ह्या एका वास्तूंत काय काय चालत असे, ह्याची नुसती यादी केली तरी मन थक्क होतें. हुसेन, गायतोंडे, प्रफुल्ला डहाणूकर, नसरीन मोहमदी ह्यांना तेथें नाममात्र भाड्यानें काम करावयास जागा होत्या. पंडित रविशंकरांची ‘किन्नर’ ही संगीतशाळा तेथें होती. इब्राहिम अल्काझी ह्यांच्या नाट्यमंडळीचा वावर तेथें असे. एका खोलींत चित्राचा रंग वाळतो आहे, दुसरींत सतारीच्या तारा जुळताहेत, पलीकडे नाटकाची तालीम रंगली आहे. आणि ही सारी मंडळी जिन्यांत एकमेकांस भेटताहेत. अशा शेजारानें कला वाढते, हें कोणत्याहि अहवालाविना तेथें सिद्ध झालें होतें. ह्या वास्तूला कोणी कलापेठ म्हणून गौरविलें नाहीं, तिच्या भिंतींवर जाहिरात नव्हती, आणि ‘पाहुण्यांची संख्या’ कोणी मोजीत नव्हतें.

आणि तिचें आर्थिक फळ? तेंहि पाहूं. गायतोंडे ह्यांचें १९६१ सालचें एक चित्र २०२१ सालच्या लिलावांत सुमारें ४० कोटि रुपयांस विकलें गेलें. गिरगांवच्या चाळींत वाढलेला हा चित्रकार ज्या काळांत चित्रामागें चित्र शांतपणें रंगवीत होता, त्या काळांत त्याला हवी होती ती परवडेल अशी एक खोली आणि कोणी दार न ठोठावण्याची खात्री. शहरानें कलेवर केलेला खर्च बुडीत जातो असें म्हणणाऱ्यांनीं हा हिशेब ध्यानांत ठेवावा. मात्र त्याची दुसरी बाजूहि विसरूं नये: ते ४० कोटि चित्रकाराच्या हातीं पडले नाहींत, आणि ज्या वास्तूनें त्याला व त्याच्या सोबत्यांना थारा दिला ती त्यापूर्वींच जमीनदोस्त झाली होती. तिच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या. भुलाभाई संस्था एका कुटुंबाच्या औदार्यावर उभी होती. औदार्य हा मोठा गुण आहे, पण तो कौल नव्हे. तो देणाऱ्याबरोबर जातो.

दुसरें प्रकरण दादरचें. तेथील छबिलदास शाळेच्या लहानशा सभागृहांत १९७४ पासून ‘आविष्कार’ ह्या संस्थेनें नाट्यप्रयोगांना आरंभ केला. अरविंद आणि सुलभा देशपांडे, सत्यदेव दुबे, अमोल पालेकर अशा कितीतरी रंगकर्मींचें काम तेथें झालें. रंगमंच उंच नव्हता, पडदा नव्हता, खुर्च्याहि मोजक्याच. परंतु तिकीट स्वस्त होतें आणि सभागृहाचें भाडेंहि संस्थेच्या आवांक्यांतलें होतें. नाटक पडलें तर संस्था बुडत नसे. म्हणूनच पडण्याची शक्यता असलेलीं नाटकें तेथें करतां आलीं. आणि ज्यांस आज आपण मराठी प्रायोगिक रंगभूमि म्हणून अभिमानानें मिरवितों तिचा मोठा भाग ह्याच खोलींतून बाहेर आला. तेथें तयार झालेले नट, दिग्दर्शक आणि लेखक पुढें व्यावसायिक रंगभूमीस, चित्रपटांस आणि दूरदर्शनास पुरून उरले. ह्यांतील पैशाचा ओघ कोणी मोजला, तर शाळेच्या त्या सभागृहाइतकी किफायतशीर गुंतवणूक मुंबईनें क्वचितच केली असेल असें आढळून येईल. पण १९९० नंतर थोड्याच वर्षांत ती जागा सुटली, आणि आविष्कारला माहीमच्या महानगरपालिकेच्या शाळेचा आसरा घ्यावा लागला. ह्यांत कोणास दोष देण्याचें कारण नाहीं. शाळा मुळांत मुलांसाठीं असते. दोष असलाच तर तो शहराचा. सोळा-सतरा वर्षें आपल्या डोळ्यांदेखत काय उगवलें आहे हें पाहूनहि त्याला कायमचें अंगण द्यावें असें शहराला वाटलें नाहीं.

ह्या दोन प्रकरणांत कौल नव्हताच. तिसऱ्यांत तो दिला गेला आणि मागाहून आंखडून घेतला गेला. हें प्रकरण गिरणगांवाचें. आणि कलापेठेच्या आधुनिक पुरस्कर्त्यांनीं तें सर्वांत लक्षपूर्वक वाचावें. कारण गिरणगांव ही पेठ होती हेंच त्यांच्या लक्षांत येत नाहीं. लालबाग, परळ, वरळी ह्या भागांत कोंकणांतून आणि घाटावरून आलेला कामगार आपल्या वळकटीबरोबर आपली कलाहि घेऊन आला. चाळींत भजनी मंडळें जमलीं. नमन-खेळे, दशावतार, तमाशे ह्यांना पगारदार प्रेक्षक मिळाला. परळचें दामोदर नाट्यगृह १९२२ सालीं उभें राहिलें तें ह्याच प्रेक्षकाच्या भरंवशावर. १९४४ सालीं अण्णा भाऊ साठे, शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर ह्यांनीं लाल बावटा कलापथक काढलें. नारायण सुर्वे ह्यांच्यासारखा कवि ह्याच वस्तीनें दिला. लालबागच्या मूर्तिकारांचे कारखाने, नाटकांचे नेपथ्य उभारणारे सुतार, कपडेपट शिवणारे शिंपी, बँडवाले, पडदे रंगविणारे रंगारी ह्यांचीं घरें ह्याच वस्तीच्या खर्चावर चालत. कला आणि अर्थव्यवहार ह्यांची सांगड घालावी म्हणून आज जीं कागदी मंडळें नेमलीं जातात, त्यांना येथें कांहीं करण्यासारखें उरलेंच नव्हतें. गिरणीचा पगार हा ह्या कलेचा आश्रयदाता होता.

१८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लक्ष कामगार उतरले, आणि त्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावत गेल्या. १९९१ सालीं विकास नियंत्रण नियमावलींत एक नियम झाला. गिरणीच्या जमिनीचा विकास करावयाचा तर साधारणपणें एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठीं शहरास, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठीं म्हाडास आणि उरलेली मालकास, असा त्याचा मतितार्थ. हा एका अर्थीं कौलच होता. गिरणी गेली तरी वस्ती राहील, मैदान राहील, आणि वस्ती व मैदान राहिलें म्हणजे शाहिराला श्रोता राहील, असा विश्वास त्यांत होता. २००१ सालीं नियमांत दुरुस्ती होऊन ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती उरली. शहराच्या आणि म्हाडाच्या वांट्याला यावयाची जमीन त्यामुळें फारच आटली. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि ती दुरुस्ती ग्राह्य ठरविली. कायद्याचा प्रश्न तेथें मिटला. पेठेचा मिटला नाहीं. गिरण्यांच्या आवारांत कांचेचे मनोरे आणि बाजार उभे राहिले. कांहीं जुन्या छपरांखालीं कलादालनें आणि जाहिरातदारांच्या कचेऱ्याहि थाटल्या गेल्या, आणि त्या भागास ‘सर्जनशील’ हें विशेषण तेव्हांपासून लावण्यांत येऊं लागलें! ज्यांनीं तेथें शंभर वर्षें ढोलकी वाजविली त्यांचीं मुलें विरार-बदलापुराकडे राहावयास गेलीं. २०२३ सालीं दामोदर नाट्यगृहाचे दरवाजेहि पुनर्बांधणीसाठीं बंद झाले आणि नाट्यकर्मींना त्याविरुद्ध आवाज उठवावा लागला. शंभरी गांठलेल्या नाट्यगृहालासुद्धां आपल्या जागेची शाश्वति नसावी, ह्यावरून कौलाची आपल्याकडील टंचाई किती आहे हें कळून येईल.

आतां चौथें प्रकरण, आणि हें सर्वांस ठाऊक असलेलें. मुंबईच्या किल्ल्याच्या टोंकास असलेल्या काळा घोडा ह्या भागाइतकी कलापेठेची कल्पना आपल्याकडे दुसरीकडे कोठेंहि पुरी उतरलेली नाहीं. घोड्यावर बसलेल्या एडवर्ड युवराजाचा पुतळा तेथें १८७९ सालीं उभारला गेला. १९६५ सालीं तो भायखळ्याच्या बागेंत हलविला. घोडा गेला, पण नांव राहिलें. डेव्हिड ससून ग्रंथालय, एल्फिन्स्टन कॉलेज, वस्तुसंग्रहालय, सर कावसजी जहांगीर ह्यांच्या देणगींतून १९५२ सालीं झालेलें कलादालन, अशा संस्था एकमेकींच्या हांकेच्या अंतरावर आहेत. १९९८ सालीं ह्या भागाच्या हितासाठीं एक संघ स्थापन झाला आणि १९९९ पासून कलामहोत्सव भरूं लागला. त्या नऊ दिवसांत गर्दी किती लोटते, हें ज्यांनीं एकदां पाहिलें त्यांस सांगावयास नको. डोंबिवलीहून आणि वसईहून माणसें मुलांना घेऊन येतात. ज्यांनीं कलादालनाचा उंबरठा कधीं ओलांडला नव्हता तीं तो ओलांडतात. आणि बहुतेक कार्यक्रमांस कांहीं मोल पडत नाहीं. ह्या उत्सवाची थट्टा करण्याची जी एक फॅशन रसिकवर्गांत आहे, ती आम्हांस मुळींच मान्य नाहीं. ज्या शहरांत फुकट बसावयास जागा मिळत नाहीं तेथें फुकट चित्र पाहावयास मिळणें ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु उत्सवाचे दिवस नऊ, आणि वर्षाचे उरलेले ३५६. कलापेठेची परीक्षा ह्या ३५६ दिवसांवर झाली पाहिजे. ह्या भागास कौल मिळाला आहे काय? मिळाला आहे, पण तो दगडांना. १९९५ च्या वारसाविषयक नियमांनीं येथील इमारतींना संरक्षण दिलें. २०१८ सालीं मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाची गणना युनेस्कोच्या जागतिक वारशांत झाली. हें सर्व योग्यच झालें. पण कमानीचा एक चिरा हलवावयास जेथें परवानगी लागते, तेथें कमानीखालचा माणूस हलवावयास कोणतीच लागत नाहीं. जहांगीर कलादालनांतील ‘समोवार’ हें उपाहारगृह १९६४ सालीं सुरू झालें. चहाच्या एका पेल्यावर दुपार काढणारे चित्रकार, कवि आणि नट ह्यांची तीन पिढ्यांची बैठक तेथें होती. २०१५ सालीं तें बंद झालें. पुढच्याच वर्षीं समोरचें ‘ऱ्हिदम हाऊस’ हें संगीताचें दुकानहि बंद झालें. तेथें मात्र संगीत विकत घेण्याची रीतच पालटली होती आणि त्यास कोणीच कांहीं करूं शकलें नसतें, हें न्यायानें म्हटलें पाहिजे. इमारती तशाच उभ्या आहेत, किंबहुना पूर्वीपेक्षां नेटक्या दिसतात. २०१७ सालीं तेथें नवा काळा घोडाहि उभा करण्यांत आला. त्याच्या पाठीवर आतां स्वार नाहीं. परक्या राजाचा स्वार गेला हें चांगलेंच झालें. पण ह्या पेठेंत राहून काम करणारा कलावंत पाहूं म्हटलें तर तोहि तेथें नाहीं. तो चित्र टांगण्यापुरता आठवडाभर येतो आणि तें उतरवून लोकलनें परत जातो.

येथें एक आक्षेप निघेल, आणि तो सबळ आहे. जुन्या भाडेकरूंना संरक्षण देण्याचा प्रयोग मुंबईनें १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें केलाच होता. त्याचें फळ काय झालें? भाडीं गोठलीं, मालकांनीं दुरुस्ती सोडली, इमारती खचल्या, आणि पागडी दिल्यावांचून नव्या माणसाला आंत शिरतां येईना. जो आंत होता तो आंत राहिला, मग तो कलावंत असो वा नसो. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. आणि म्हणूनच आम्ही गोठलेल्या भाड्याची नव्हे, कौलाची मागणी करीत आहों. दोहोंत भेद आहे. कौलाला मुदत असे. तो अमुक धंदा अमुक जागीं करणाऱ्यास असे. आणि त्याची देखरेख करावयास पेठेंतलेच शेटे-महाजन असत. मालकाच्या खिशांतून भाडेकरूस दान द्यावें, हें त्याचें तत्त्व नव्हतें. सरकार आपल्या पदरचें कांहीं सोडी, आणि पेठ भरभराटीस आली म्हणजे जकातीच्या रूपानें तें परत मिळवी.

दुसरा आक्षेप असा कीं, कलावंतालाच हा विशेषाधिकार कां? शिक्षकाला नाहीं, परिचारिकेला नाहीं, त्यालाच मोक्याची जागा स्वस्त कां द्यावी? ह्यावर आमचें उत्तर असें कीं, कलापेठ काढा असा आग्रह कलावंतानें धरलेला नाहीं. त्याच्या नांवानें जमिनीची किंमत वाढवूं पाहणारांनीं तो धरला आहे. ज्याच्या नांवावर भाव चढवावयाचा त्याला त्या चढत्या भावाचाच बळी करूं नये, एवढा साधा न्याय येथें अपेक्षित आहे. ज्यांना हें मान्य नसेल त्यांनीं त्या भागास खुशाल बाजारपेठ म्हणावें; बाजारपेठ म्हणण्यांत कमीपणा कांहींच नाहीं.

कौल असला म्हणजे काय होतें, ह्याचेंहि एक उदाहरण आपल्याजवळ आहे. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं बांधविलेलें पॅलेस थिएटर १९१५ सालीं खुलें झालें. पुढें त्यास केशवराव भोसले ह्यांचें नांव देण्यांत आलें. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं आगींत तें जळालें. साऱ्या शहराच्या डोळ्यांस पाणी आलें. पण दुसऱ्या दिवशीं जी चर्चा सुरू झाली ती नाट्यगृह पुन्हां कसें उभारावयाचें ह्याची. त्या जागेवर दुसरें कांहीं बांधावें असें म्हणावयास कोणी धजावलें नाहीं, कारण ती जागा शहराची होती आणि कशासाठीं आहे हें शंभर वर्षांपूर्वीं ठरून गेलें होतें. त्याच कोल्हापुरांत बाबूराव पेंटरांच्या चित्रशाळेंत आणि चित्रपटसंस्थेंत जीं माणसें घडलीं, त्यांपैकीं शांताराम, दामले, फत्तेलाल ह्यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह १९२९ सालीं ‘प्रभात’ काढली आणि १९३३ सालीं ती पुण्यास नेली. प्रभात कंपनी पुढें बुडाली. पण तिची जागा इमारतवाल्याच्या हातीं न जातां १९६० सालीं तेथें सरकारची चित्रपटशिक्षणसंस्था निघाली, आणि त्या आवारांतून आजतागायत चित्रपटकर्मी बाहेर पडत आहेत. नाट्यगृह जळलें, कंपनी बुडाली. जागा मात्र राहिली, म्हणून परंपरा राहिली. भुलाभाई संस्था जळली नव्हती कीं बुडाली नव्हती. तरी ती नाहींशी झाली.

तेव्हां नव्या कलापेठेचा नकाशा घेऊन कोणी आला तर त्यास विचारावयाचे प्रश्न आम्हांस थोडेच दिसतात. जमीन कोणाच्या नांवें राहणार? ती विकतां येणार असेल तर पेठ किती वर्षांची, हें आजच सांगतां येतें. कलावंतास जागा किती मुदतीनें मिळणार? एका चित्रकाराच्या उमेदीला पंधरा-वीस वर्षें लागतात. अकरा महिन्यांच्या करारावर कोणी चित्रकार झालेला नाहीं. भाडें कशाशीं बांधलेलें असणार, जमिनीच्या भावाशीं कीं काम करणाऱ्याच्या मिळकतीशीं? व्यवस्था कोण पाहणार? पेठेंत मूर्तिकार, शिंपी, सुतार, बँडवाला ह्यांना जागा आहे, कीं कलादालनाच्या उद्घाटनास शोभतील एवढ्यांनाच? आणि भरभराटीनंतर जमिनीचा जो भाव चढेल त्यांतला कोणता हिस्सा पेठेस परत येणार?

ह्यांपैकीं पुष्कळ गोष्टींस नवा पैसाहि लागत नाहीं. शहरांच्या मालकीच्या शाळा, मंडया आणि गोदामें ह्यांत रिकाम्या पडलेल्या खोल्या आहेत. माहीमच्या शाळेंत एका नाट्यसंस्थेस आसरा देऊन महानगरपालिकेनें हा मार्ग एकदां चोखाळलाहि आहे. अशा शंभर खोल्या वीस वर्षांच्या लेखी करारानें दिल्या आणि त्यांची निवड कलावंतांच्याच पंचांकडे सोंपविली, तर तेवढ्यानें जें घडेल तें रंगविलेल्या शंभर भिंतींनीं घडणार नाहीं. मग त्या जागेस कलापेठ म्हणावें कीं म्हणूं नये, हा वाद आम्ही आनंदानें इतरांवर सोंपवूं. तांबट आळीस तें नांव कोणी मुद्दाम दिलें नसेल. तांबट तेथें टिकले, म्हणून ती तांबट आळी झाली.